पत्रा आणि पत्रक

आमच्या व्हॅनच्या टपाला चार भोकं होती. भोंग्याचा स्टँड बसवण्यासाठी बाबांनी ती पाडून घेतली होती, मी शाळेत जाऊ लागण्याच्या आधी. पुढे भोंगा गेला, स्टँड गेला, भोकं तेवढी राहिली. दरवर्षी मिरगाच्या आधी आई त्यांत एम-सील भरायची आणि म्हणायची, "तुमच्या आवाजाला बूच मारतेय." त्यामुळे गाडीला गंज लागला असं कळलं तेव्हा घरात कोणी कारण शोधलंच नाही. भोकं होतीच.

आमचं घर रत्नागिरीत, बाजारापासून वर चढणाऱ्या एका उतारावर. बाबांची एक छोटी संघटना होती. मच्छीमार, आंब्याच्या बागांतले गडी, गोदीवरचे हमाल, ज्याचं काम पडेल त्याच्यासाठी ती उभी राहायची आणि काम झालं की बसायची. कचेरी नव्हती. व्हॅन हीच कचेरी. मागच्या सीट काढून तिथे पत्रकांचे गठ्ठे, खळीचा डबा आणि कापडी फलक असायचे. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. कोणत्याही वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह किंवा उद्गारचिन्ह असतं अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. पूर्णविरामाशी ओळख शाळेत झाली. घोषणांमधला 'जंग' मला पाठ होता. गंजालाही लोक जंग म्हणतात, हे गाडीमुळे कळलं.

गेल्या उन्हाळ्यात बाबांची उजवी बाजू गेली. हळूहळू थोडी परत आली, पण एसटीची पायरी आता त्यांना चढता येत नाही. रिक्षात बसवलं तर आमच्या उतारावर ते सीटवरून पुढे घसरतात, धरायला चांगला हात एकच. व्हॅनमध्ये मात्र पुढच्या डाव्या सीटवर ते नीट बसत. दाराजवळच्या कडीला धरून, डावा पाय पुढे रोवून. मी त्यांना मिरकरवाड्याच्या जेटीवर न्यायची. तिथल्या चहाच्या टपरीवर त्यांचे जुने लोक जमायचे. बाबांचं बोलणं आता संथ झालं आहे, एक वाक्य पूर्ण व्हायला वेळ लागतो, पण ते लोक थांबायचे. घरात आम्ही थांबत नाही. आई वाक्य पूर्ण करून टाकते, मी तर सुरुवातच करून देते. जेटीवर त्यांना स्वतःचं वाक्य स्वतः संपवता यायचं.

मग गाडीचं पासिंग आलं. जुनी गाडी रस्त्यावर ठेवायची तर ती आरटीओत पुन्हा तपासून घ्यावी लागते. जाण्याआधी ओळखीच्या मेकॅनिकला दाखवली. त्याने खाली वाकून पेचकस तळाला लावला आणि जरासा दाबला. पेचकस मुठीपर्यंत आत गेला.

"ही घेऊन जाऊ नका," तो म्हणाला. "साहेब हसतील."

त्याच दिवसापासून गाडी दारात उभी राहिली आणि बाबा खोलीत. ते चिडले नाहीत, हीच काळजीची गोष्ट होती. मी विचारायची, "जेटीवर रिक्षाने जाऊ या? मी धरून बसते." ते मान हलवायचे. पुढे पुढे मान हलवायचंही सोडलं. खिडकीतून व्हॅनचं टप दिसायचं, तिकडे बघत बसायचे.

गाड्यांचा पत्रा दुरुस्त करणाऱ्या डेंटरने जो आकडा सांगितला तो ऐकून आईने मला बाजूला घेतलं. आई पोस्टातून निवृत्त झालेली. आमच्या घरातली सगळी आंदोलनं तिच्या पगारावर झाली, हे ती कधी बोलून दाखवत नाही. रोज वागून दाखवते.

"एवढ्यात दुसरी जुनी गाडी येईल," ती म्हणाली.

"दुसरी गाडी नको आहे त्यांना."

"मग दे डेंटरला. मी काढते पैसे."

इथे माझं डोकं फिरलं. आयुष्यभर तिच्याच पैशांवर आम्ही स्वाभिमानी राहिलो, आणि आता तिच्या पेन्शनीवर पुन्हा? मी तिला सांगितलं, की मी वेल्डिंग शिकेन. गाडीला ठिगळं लावायची तर स्वतःच्या हाताने लावेन. बाजारात जाऊन प्रत्येक गोष्ट विकत घ्यायची, अगदी दुरुस्तीसुद्धा, यालाच तर आपण विरोध करत आलो. साधन ज्याच्या हातात, तो मोकळा. बरंच बोलले. ही वाक्यं मला तोंडपाठ आहेत, त्यांतली काही मीच पत्रकांत लिहिली आहेत.

आई तांदूळ निवडत होती. "मजुराला पूर्ण दाम द्या असं छापता," ती म्हणाली, "आणि मजुराच्या दारात जायची वेळ आली की स्वतःच मजूर होता. मग दाम द्यायचा कोणाला?"

मी दुसऱ्या दिवशी मिरजोळ्याला गेले.

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका काकांची ग्रिल आणि गेट बनवायची शेड आहे. वय साठीला आलेलं, तोंड सतत चालू. कोणाच्या घराला कोणतं ग्रिल आहे यावरून ते त्या घराचं भविष्य सांगतात. मी शिकवा म्हटल्यावर त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तू ती पत्रकंवाली ना? बापासारखी लिवतेस म्हणतात."

"लिहिते."

"मग माजी जाहिरात लिव. मोबाईलवर टाकायला. तू मला जाहिरात दे, मी तुला वेल्डिंग देतंय. पैशाचा विषय नको."

पैशाचा विषय नाही, हे मला फार आवडलं. दोन माणसं आपापले श्रम थेट बदलतायत, मध्ये कोणी नाही. मी घरी जाऊन मन लावून जाहिरात लिहिली. काकांनी ती चष्मा लावून वाचली, मग चष्मा काढून परत वाचली.

"बाय गो, 'तुमच्या घराची सुरक्षा कोणाच्या हातात आहे?' असा लिवलंस. गिऱ्हाईक घाबरंल. याला मोर्च्याचा वास येतोय. नुसता लिव, ग्रिल मजबूत, दर वाजवी."

मी तसं लिहिलं. माझ्या आयुष्यातलं पहिलं लिखाण, ज्याच्याबद्दल लोकांचे फोन आले.

दिवसभर मी एका शिकवणीत मुलांना मराठी आणि नागरिकशास्त्र शिकवते. सुटले की शेडवर. वेल्डिंगबद्दल वाचून मला वाटलं होतं त्यात आग असेल, जोर असेल, ठिणग्या असतील. ठिणग्या होत्या. बाकी ते काम सुई ओवण्यासारखं आहे. रॉड पत्र्याला काडीपेटीची काडी ओढावी तसा ओढायचा, प्रकाश पेटला की एवढंसं उचलायचं, आणि तेवढ्याच अंतरावर हात धरून ठेवायचा. जवळ गेलात तर रॉड चिकटतो. लांब गेलात तर विझतो. माझा चिकटायचा. मी ओढायची, आणि तो ओढून निघायचा नाही.

"ओढू नको, मनगट फिरव आणि तोड," काका म्हणायचे. "सगळा ओढूनच घेतेस. भांडण लावलंयस काय त्याच्याशी?"

एकदा काच डोळ्यांपुढे धरायच्या आधीच मी रॉड पेटवला. त्यानंतर डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं. आईने बटाट्याच्या चकत्या कापून डोळ्यांवर ठेवल्या आणि मी ओटीवर आडवी पडले. बाबांची खुर्ची शेजारी होती. बऱ्याच वेळाने त्यांनी सावकाश एक वाक्य जुळवलं.

"ठिणगी... काचेतून बघायची असते. आमच्या वेळी... कोणी सांगितलं नाही."

कित्येक दिवसांत ते आपण होऊन बोलले, ते एवढंच. चकत्या डोळ्यांवर असल्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसला नाही. मी त्याच जोरावर आणखी बरेच दिवस शेडवर गेले.

शिकता शिकता मला थोडं यायला लागलं. जाड पट्टीला जाड पट्टी जोडता यायची. टाका ओबडधोबड, पण हातोडीने ठोकला तरी सुटत नसे. त्याच सुमारास माझ्या लक्षात आलं की मला कंटाळा येतोय. वेल्डिंगचा नव्हे. सकाळी मुलांना मूलभूत हक्क, संध्याकाळी रॉड, घरी आल्यावर बाबांना उठवणं, बसवणं, पाय चोळणं. स्वतःच्या हाताने करणं चांगलं, हे लिहिणाऱ्याने त्या हातांचं संध्याकाळी काय होतं ते लिहिलेलं मी कुठे वाचलं नव्हतं. मीही नव्हतं लिहिलं.

शेवटी एका रविवारी व्हॅन टोचण करून, म्हणजे दुसऱ्या गाडीला दोरीने बांधून, शेडवर नेली. काका म्हणाले, "ग्रिलचा पत्रा काय नि गाडीचा पत्रा काय, लोखंड ता लोखंड." मला धीर आला. बॅटरीची वायर सोडली, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवली, पाण्याची बादली आणि ओलं गोणपाट हाताशी घेतलं. मग पुढची डावी सीट काढली, बाबांची, आणि खालचं रबरी मॅट उचललं.

मॅट उचललं तसा खालून एक लालसर, जाड थर त्याच्याबरोबर उचलून आला. आधी वाटलं चिखल. मग वाटलं पुठ्ठा. काकांनी त्याचा एक तुकडा बोटांनी सोलला. पापुद्र्यामागून पापुद्रा.

पत्रकं होती.

बाबांनी उरलेली पत्रकं कधी रद्दीत घातली नाहीत. दुकानदार त्यांत सुकट बांधून देईल, ही त्यांची भीती. सुकटीला त्यांचा विरोध नव्हता, शब्दांच्या अपमानाला होता. घरात जागा संपली तेव्हा त्यांनी ती गाडीत मॅटखाली पसरली असणार, एकावर एक, नीट कडा जुळवून. त्यांना वाटलं असेल, वाया जाण्यापेक्षा पायाला मऊ लागतील, इंजिनाची धग अडेल. आणि त्याच गाडीत जेटीवरून माणसं चढायची, ओल्या पायांची, खाऱ्या पाण्याने निथळणारी. कोणाच्या हातात माशांची पिशवी असायची, तिचं पाणी गळायचं. मॅटच्या कडेने सगळं खाली. नुसता पत्रा असता तर वाळला असता. कागदाने ते मीठपाणी धरून ठेवलं, एवढी वर्षं, ऐन वैशाखातसुद्धा. टपावरच्या चार भोकांनी काही केलं नव्हतं. ती सगळी एम-सीलने बंद होती.

अगदी तळाचं पत्रक निघालं तेव्हा त्याची शाई पत्र्यावर उतरली होती. गंजावर उलटी अक्षरं. काका वाकून बघत राहिले.

"काय लिवलाय ता?"

मी आरशातलं वाचावं तसं वाचलं. ते शीर्षक होतं. "आणखी किती दिवस?"

काका म्हणाले, "गाडीलाच इचारलान."

मला हसू आलं नाही. ते पत्रक कोणत्या मागणीचं होतं हेही आठवत नव्हतं. मी खराट्याने सगळं झाडून काढलं, खरवडलं, कडा घासल्या आणि रॉड लावला. लावताक्षणी पत्र्याला भोक पडलं. करंट कमी केला. आणखी मोठं भोक पडलं. "दे इकडं," म्हणून काकांनी रॉडचा होल्डर घेतला. त्यांनीही तेच केलं, फक्त जास्त आत्मविश्वासाने. त्यांच्या हाताखालून पत्रा मेणासारखा पळाला. वर कुठल्याशा सांदीत राहिलेला कागदाचा चुरा धुमसायला लागला. मी गोणपाट टाकलं. जळक्या खळीचा वास आला, गव्हाच्या पिठाचा. लहानपणी बाबांबरोबर भिंतींवर पत्रकं चिकटवताना यायचा तो, फक्त करपलेला.

"हा पापड हाय," काका होल्डर खाली ठेवत म्हणाले. "मी गेटवाला. माझ्याच्यानं नाय व्हायचा."

"लोखंड ते लोखंड म्हणालात."

"म्हनलो. माणूस बोलतो काय काय. तुमच्या घरात तर छापतात."

एकाच ठिकाणी माझा टाका धरला. सीटचा पाय जिथे बसतो तिथे पत्रा दुहेरी आणि जाड होता, आणि गंज तिथवर पोचला नव्हता. तिथून पुढे मी एक लोखंडी पट्टी जोडली होती, पाय ठेवायच्या जागेच्या कडेला. बाकी सगळीकडे आधीपेक्षा मोठी भगदाडं. त्यांतून खाली शेडची जमीन दिसत होती, तिच्यावर पत्रकांचा लाल चुरा.

घरी आले तर बाबा ओटीवर होते. त्यांनी विचारलं नाही. बघितलं फक्त. काय सांगायचं ते मी वाटेत ठरवलं होतं: पत्रा फार जुना होता, समुद्राची हवा आहे, असं व्हायचंच. यात खोटं काही नव्हतं. पण मला खोटं नसलेल्या गोष्टी सांगून खरी गोष्ट झाकायचा फार तिटकारा आहे. आम्ही ज्यांच्याविरुद्ध पत्रकं काढली ते हेच करायचे.

"बाबा, गाडी पत्रकांनी खाल्ली," मी म्हटलं. "मॅटखाली तुम्ही घातली होती ती. पाणी धरून बसली. खालचा पत्रा गेला."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्याची एकच बाजू हलते, त्यामुळे काय चाललंय ते उशिरा कळतं. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. या खेपेला आम्ही दोघींनी त्यांचं वाक्य पूर्ण केलं नाही. काय असेल ते आम्हाला माहीतच नव्हतं.

"म्हणजे..." बाबा म्हणाले, "कोणीतरी... शेवटपर्यंत... वाचली."

मग त्यांच्या खांद्याला हिसके बसायला लागले. मला वाटलं रडतायत. आईला आधी कळलं, कारण ती दाराला टेकून हसायला लागली होती. मी मधोमध उभी, हातांना गंज, कपड्यांना धूर. आई का हसत होती हे मला अजून पुरतं समजलेलं नाही. एवढी वर्षं तिने त्या छपाईची बिलं भरली होती.

हसणं ओसरल्यावर ती आत गेली आणि पर्स घेऊन आली.

"उद्या डेंटरकडे जा," तिने मला सांगितलं. "घासाघीस करू नकोस. तुमच्याच पत्रकात आहे, पूर्ण दाम."

मी वाद घातला नाही. पटलं म्हणून की दमले होते म्हणून, हे मला सांगता येत नाही. पूर्वी मला या दोन गोष्टींतला फरक नेहमी कळायचा.

डेंटर मितभाषी माणूस होता आणि सारखा फोनवर असे. त्याने चांगला पत्रा लागेपर्यंत सगळं कापून काढलं, बारीक तारेच्या वेल्डिंग मशीनने नवा पत्रा बसवला, वर काळा रंग मारला. त्याच्या कामाकडे मी तोंड वाकडं करण्यासारखं काही शोधत होते, सापडलं नाही. माझ्या पट्टीपाशी तो थांबला होता.

"ही कोणी लावली?"

"मी."

"दिसायला बेकार आहे," तो म्हणाला. "पण धरलीय. राहू दे, हिलाच पुढचा पत्रा जोडतो." आणि त्याचा फोन वाजला.

पासिंग झालं. साहेब हसले नाहीत, त्यांनी भोकांबद्दल तेवढं विचारलं. मी म्हटलं, भोंग्याची आहेत. ते म्हणाले, बुजवून घ्या.

त्यानंतरच्या पहिल्या सकाळी मी बाबांना गाडीत बसवलं. निघताना आई नवीन मॅट घेऊन आली, तर बाबांनी डावा हात वर केला.

"नको. उघडंच... राहू दे. वाळेल."

उताराला लागल्यावर त्यांनी कडी धरली आणि डावा पाय पुढे रोवला. पाय लगेच स्थिरावला नाही. चपलेतून बाहेर आला, उघड्या पत्र्यावर इकडेतिकडे फिरला, आणि सीटच्या कडेजवळ एका जागी थांबला. तिथे माझा टाका आहे, वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा गाठीगाठींचा. रंगाखालीही लपत नाही.

"हा... तुझा," ते म्हणाले.

"कशावरून?"

त्यांनी वाक्य जुळवायला घेतलं. खाली बाजारात पोचलो, मच्छीमार्केटपाशी गर्दीत अडकलो, एक टेम्पो मागे घेईपर्यंत थांबलो. मी समोर बघत गप्प राहिले.

"डेंटरचा असता," जेटीचं वळण आलं तेव्हा बाबांचं वाक्य संपलं, "तर पायाला... कळला नसता."

टपरीवरून कोणीतरी गाडी ओळखली आणि एक स्टूल बाहेर काढून ठेवलं. मी इंजिन बंद केलं. बाबांना उतरवायला मला अजून उठायचं होतं, पलीकडे जायचं होतं, त्यांच्या काखेत हात घालायचा होता. मी थोडा वेळ तशीच बसले. त्यांनीही घाई केली नाही. त्यांचा पाय अजून त्या टाक्यावरच होता.